गप्प म्हणजे बंद

प्रिय विनू,

आज दुपारी चारच्या सुमारास माझ्या टेबलावर एक लहानशी बातमी येऊन पडली. पृथ्वीच्या सावलीत गेलेल्या एका छोट्या उपग्रहावर दुसऱ्या उपग्रहाने लांबून प्रकाशाचा झोत धरला आणि काही मिनिटं त्याला वीज पुरवली. मध्ये तार नाही, काही नाही. चाचणी यशस्वी. कंपनी तुझीच. शेवटच्या ओळीत दोन साहेबांची नावं आहेत. तुझं नाही.

तू असतास तर ही बातमी मला एजन्सीकडून कळली नसती. 'अक्का, झालं!' एवढंच ओरडून तू फोन ठेवला असतास आणि मी अर्धा तास परत परत लावत बसले असते.

म्हणून हे पत्र. सव्वा वर्ष झालं तुला जाऊन आणि मी तुझ्यावर एक ओळ लिहिली नाही. संपादकांनी तीनदा मागितलं. 'भावाला पत्र लिहा, वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल,' म्हणाले. मला कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. पान साडेसातला छपाईला सोडायचं असतं. तेवढाच वेळ आहे आपल्याकडे.

ऑफिसात मला थंड डोक्याची म्हणतात. पंचवीस वर्षं जिल्ह्याचं पान काढतेय, कधी कुणावर आवाज चढवला नाही. आणि घरी भाकरी थापता थापता तुला मोठ्याने शिव्या देते! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा विचारलं, 'ताई, कुणाशी बोलता हो?' काय सांगू त्यांना?

आधी हे सांग. तू त्या खांबावर चढलासच कशाला?

तू! ज्याने बंगळूरला मला सगळ्यांदेखत झापलं होतं! तुझ्यावर लेख लिहायचा म्हणून मी आले होते. ती लांबच लांब अंधारी खोली. एका टोकाला तुमचं यंत्र, दुसऱ्या टोकाला टेबलावर उभा केलेला उपग्रहाचा, उन्हावर वीज करणारा पत्रा. मी जरा जवळून बघावं म्हणून पिवळ्या पट्टीच्या पुढे एक पाऊल टाकलं, तर तू दंड धरून मला मागे ओढलंस. आत जाणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवरची आपली चावी काढून खिशात घालायची. एक जरी चावी जागेवर नसली तरी झोत सुरू होत नाही, असा तुमचा नियम. मी म्हटलं, 'अरे, यंत्र बंद आहे, दिसतंय की.' तू काय म्हणालास?

'अक्का, दिसण्यावर न्हाई चालत. चावी कुणाच्या खिशात हाय ते बगायचं.'

मी ते वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून आहे माझ्याकडे. मग गावात, आपल्याच शेतातल्या डीपीच्या, ट्रान्सफॉर्मरच्या, खांबावर चढताना, चावी कुणाच्या खिशात होती रे?

तुझं काम नेमकं काय, ते मला बंगळूर बघूनही नीट समजलं नव्हतं. समजलं ते त्या दिवाळीत, शेतात, पंपाच्या मोटारीच्या खोलीपुढच्या दगडावर बसून. तू आईच्या कुंकवाच्या पेटीतला आरसा आणला होतास आणि तुझा शाळेतला, उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर खोलीत अंधाराला ठेवलास. आकडे गेले. मग बाहेर उन्हात उभा राहून तू आरशाचा कवडसा दारातून आत नेलास आणि बरोबर त्याच्या काळ्या पट्टीवर धरलास. आकडे आले! आप्पा गुडघ्यावर हात टेकून वाकून बघत होते. शेजारच्या शेतातले दगडूकाकाही आपली शेळ्यांची दावी हातात घेऊन येऊन उभे राहिले होते.

'बगा आप्पा, ह्यो उपग्रह. दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारतो. त्यातला तिसरा हिस्सा सावलीत जातो. सावलीत गेला की त्याची लाईट गेली.'

'मंग त्येला बी आमच्यावानी लोडशेडिंगच की!' दगडूकाका.

'हां काका. रोजचं पंदरा-सोळा येळा.'

'आरारारा! त्येंचा आमदार कोन हाय?'

किती हसलो होतो आपण. आप्पांना ठसका लागला होता.

मग तू सांगितलंस, की सावलीत कामाला यावी म्हणून प्रत्येक उपग्रह पोटात जड बॅटरी घेऊन फिरतो, ती एक दिवस थकते आणि चांगला धडधाकट उपग्रह भंगार होतो. तुम्ही एक मोठा उपग्रह उन्हात ठेवणार. तो ऊन गोळा करणार, त्याचा बारीक झोत करणार आणि सावलीतल्या लहानग्यावर धरणार. लहानग्याला नवीन काही बसवायला नको, त्याचा पत्रा असतोच. बोलता बोलता तुझा हात हलला आणि कॅल्क्युलेटरचे आकडे पुन्हा गेले.

'हेच माजं काम,' तू म्हणालास. 'हात हलू न देनं.'

आणि मग ते दुसरं सांगितलंस. झोत चालू करायचा तर कुणीही करील, खरी अक्कल बंद करायला लागते. सावलीतला उपग्रह सारखा कळवत असतो, मी इथं आहे, मी इथं आहे. तो कळवतोय तोवर झोत चालू. त्याचा आवाज थांबला की झोत त्या क्षणी बंद. का थांबला, कुणाचं चुकलं, ते नंतर शोधायचं. भलत्याच गोष्टीवर झोत पडता कामा नये.

'गप्प मंजे बंद,' तू म्हणालास. 'आमच्या खोलीत भिंतीवर लिवलंय मी. मराठीत. तिथल्या पोरी ईचारतात ह्याचा अर्थ काय.'

आप्पा म्हणाले, 'तुजी आई गप्प बसली की माजं बी सगळं बंद व्हायचं.'

लेखाला मी तेच शीर्षक दिलं होतं, 'गप्प म्हणजे बंद'. संपादकांनी बदलून 'परभणीच्या सुपुत्राची अंतराळात वीज' केलं. छापण्याआधी तुला पाठवलं, तर तुला 'सुपुत्र' आवडलं नाही. 'शास्त्रज्ञ' तर अजिबात आवडलं नाही. 'मी इंजिनिअर हाय अक्का, आरसा धरणारा मानूस,' असा तुझा मेसेज आला. मी उत्तरात दोन हसणारे चेहरे पाठवले आणि 'शास्त्रज्ञ' तसंच ठेवलं. लेखात बरं दिसत होतं.

आता आपल्या गावाचं बघ. आपल्या डीपीचा दांडा गंजून बसलाय त्याला किती वर्षं झाली? तो ओढला की वरची लाईन तुटायला हवी. पण तो ओढतच नाही. दोन माणसांनी लोंबकळूनही बघितलंय. मग आपले लोक काय करतात? वेळापत्रक बघतात! या आठवड्यात शेतीची लाईट रात्री की दिवसा, ते बघायचं, आणि ज्या वेळी लाईट नसते त्या वेळी खुशाल वर चढून फ्यूज टाकायचा. वायरमनकडे अकरा गावं, तो परवा येतो म्हणाला की तेरवा येतो. सगळ्या शिवाराची हीच रीत. इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, म्हणून तीच बरोबर.

आणि वेळापत्रक कुठे बघायचं? माझ्या पेपरात. आप्पा ते कापून, ज्वारीच्या पिठाची खळ करून मोटारीच्या खोलीच्या दारावर चिकटवायचे. एकावर एक. तू एकदा नखाने ते थर उचकटून बघितलेस आणि म्हणालास, 'आप्पा, दाराच्या फळीपेक्षा पेपर जाड झाला की!' आप्पा म्हणाले, 'माज्या पोरीचा पेपर हाय. चुकत न्हाई.'

थांब. हे वाक्य लिहून मला जरा उठावं लागलं. चहा घेऊन आले.

सत्काराचा दिवस. शनिवार. महादेवाच्या देवळापुढे मंडप. तुला फेटा बांधला तो कानावर घसरत होता आणि तू सारखा मागे ढकलत होतास. सरपंचांनी भाषणात तुझी कंपनी अमेरिकेला नेली, तू खुर्चीतूनच 'बंगळूर, बंगळूर' म्हणालास, तर ते म्हणाले, 'बंगळूर तर बंगळूर, आमाला दोन्ही लांबच!' जेवणं झाली. मी एकच्या सुमारास निघाले, कारण संध्याकाळचं पान होतं. तू देवगाव फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलंस. फेटा काढून तू टाकीवर ठेवला होतास. सेलूची बस आली. तू म्हणालास, 'अक्का, फोटो लय मोठा छापलास गं. लाज वाटायलीय.'

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. फोटोबद्दल.

पुढचं मला आप्पांनी सांगितलं, आणि नंतर दगडूकाकांनी, रडत रडत, आपल्या ओट्याच्या खाली उभं राहून. वर यायला तयार नव्हते ते. तू फाट्यावरून तसाच शेतात गेलास. आप्पा हरभऱ्याला पाणी कसं द्यावं या काळजीत. डीपीवरचा फ्यूज गेलेला. दगडूकाका म्हणाले, 'काय विनायकराव! आभाळात लाईट पोचवायलेत, आमचा तेवढा फ्यूज टाका की!' चार माणसं हसली. तू पण हसलास.

तू हसलास! याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. 'नाही' म्हणायचं होतंस ना. 'वायरमन येऊ द्या' म्हणायचं होतंस. काका काय, रागावले असते, दोन दिवस टोमणे मारले असते, 'मोठा झाला आता, खांबाला हात लावत न्हाई' म्हणाले असते. म्हणू द्यायचं! बंगळूरच्या खोलीत सख्ख्या बहिणीला मागे ओढणारा तू, गावच्या चार माणसांपुढे ओशाळलास. शिकल्यामुळे आपण परके झालो असं कुणाला वाटू नये, म्हणून तू चढलास. मला माहीत आहे. मी तुला लहानाचं मोठं केलंय.

दंडाला धरून मागे ओढायला मी तिथे नव्हते.

तरी तू विचारलंस. एवढं तरी केलंस. चढण्याआधी आप्पांना म्हणालास, 'लाईट कवा हाय?' आप्पा खोलीच्या दारापाशी गेले, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं आणि म्हणाले, 'रातपाळीच हाय अजून. दिवसा न्हाई.'

दोन वाजता लाईट आली.

मी सेलूच्या प्लॅटफॉर्मवर होते. कापसाच्या गाठींना टेकून उभी होते. फोन आला, मी उचलला. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता.

आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत. तुला बसवून माती दिली. जंगमस्वामींनी भस्म लावलं. इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवायचं असतं, तर तुझी मूठ इतकी आवळलेली की त्यात ते बसेना. स्वामींनी एकेक बोट सोडवलं. अर्धा तास लागला असेल. तेवढा वेळ सगळं गाव उभं होतं आणि मी मनात म्हणत होते, सोड ना विनू, सोड आता ती तार.

आता खरं भांडण. आतापर्यंतचं सगळं तुझ्याशी होतं. हे माझ्याशी आहे, पण ऐकायला तूच हवास.

त्याच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, वीज कंपनीचं पत्रक आमच्या ऑफिसात आलं होतं. बारा ओळी. शनिवारपासून आपल्या भागात शेतीची लाईट दुपारी दोनपासून. पत्रक वेळेत आलं होतं. त्यावर आमचा शिक्का आहे. मी ते पानावर लावलंही होतं, नेहमीच्या जागी, खाली डाव्या कोपऱ्यात.

त्याच पानावर तुझा लेख होता. तुझा फोटो दोन कॉलमी. डोळ्यांवर तो हिरवा चष्मा, हातात काहीतरी यंत्र, आणि चेहऱ्यावर ते तुझं अर्धं हसू. मी पान बघितलं. मला वाटलं, माझा भाऊ आहे. आई असती तर फोटो मोठा हवा होता म्हणाली असती. मी फोटो तीन कॉलमी केला. लेख खाली सरकला. बारा ओळी बाहेर आल्या.

मी त्या 'उद्यासाठी'च्या ट्रेमध्ये टाकल्या.

पंचवीस वर्षांत असं किती वेळा केलं असेल! रोज काही ना काही उद्यावर जातं. उद्या जातं, कुणाचं काही बिघडत नाही. पान वेळेत सुटलं. मी घरी गेले, मऊ भात केला, पोटभर जेवले.

मोबाईलवर पण आलं होतं म्हणे. गावाच्या ग्रुपवर कुणीतरी पत्रकाचा फोटो टाकला होता. त्याच्यावर तुझ्या अभिनंदनाचे गुच्छ, हार, टाळ्या येऊन पडत गेल्या. ते वर ढकलून खालचं कोण बघतो?

रविवारच्या अंकात तुझी बातमी आली. मी रजेवर होते. माझ्या जागी बसलेल्या सहकाऱ्याने ट्रे रिकामा केला, शिस्तीने, आणि त्या बारा ओळी लावल्या. वर तू, खाली डाव्या कोपऱ्यात 'शेतीपंपांच्या वीजपुरवठ्याच्या वेळेत बदल'. एकाच पानावर! सगळ्या जिल्ह्याने ते पान वाचलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तुमच्याकडे कुणी गप्प बसलं की झोत बंद होतो. आपल्याकडे उलटं आहे, विनू. पेपरात काही आलं नाही म्हणजे जुनंच चालू. आप्पांनी काही चुकीचं वाचलं नाही. दारावर जे होतं ते बरोबर वाचलं. नव्या वेळेबद्दल गप्प बसले होते ते मी.

आणि त्यानंतरही बसले.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी आप्पा तो दारावरचा कागद घेऊन आले. थरातून खरवडून काढला होता, कडा फाटलेल्या. माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, 'हे बग गं. मला वाचायला चुकलं का? मी रातपाळी म्हनलो त्याला. तू बग बरं, काय लिवलंय?'

मी काय म्हणाले असेन?

'जेवून घ्या आप्पा,' म्हणाले.

बास. एवढंच. त्या दिवसापासून आप्पांनी पेपर वाचणं सोडलं. चष्मा कोनाड्यात पडलाय. कुणी विचारलं की सांगतात, 'आता नीट दिसत न्हाई.' डॉक्टरांना दाखवलं, डोळ्यांना काही झालेलं नाही. आधी गावातल्या अर्ध्या लोकांची कागदपत्रं आप्पा वाचून द्यायचे. आता बियाण्याच्या पिशवीवरचं नावसुद्धा दुसऱ्याला विचारतात. मी त्यांचं वाचणं घेतलं, विनू. तू गेलास, ते मी एकटीने केलं नाही. गंजलेला दांडा, अकरा गावांचा वायरमन, काकांची थट्टा, तुझं ते हसू, सगळ्यांनी मिळून केलं. पण आप्पांचं वाचणं मी एकटीने घेतलं. एका वाक्यात परत देता आलं असतं. सव्वा वर्ष मी ते वाक्य ट्रेमध्ये ठेवलं.

चौकशी झाली. कागद आला. परवाना न घेता खांबावर चढल्यामुळे अपघात, असं त्यात आहे. म्हणजे चूक तुझी. आणि आप्पांना वाटतं चूक त्यांची. दोघांच्या मध्ये मी चांगली सुरक्षित बसलेय!

गाव काय करतंय विचारशील तर, तुझ्या नावाची कमान करतंय. फाट्यावर. सरपंच मागच्या महिन्यात ऑफिसात आले होते. 'बाई, तुमी लिवनाऱ्या मानूस. कमानीवर काय लिवावं, दोन ओळी द्या.' मी विचारलं, 'डीपीचा नवा दांडा बसवला का?' ते म्हणाले, 'त्याचा अर्ज दिलाय की. पर कमानीचं सांगा ना, पेंटर थांबलाय.' मी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. माझा आवाज चढला नाही. चढायला हवा होता!

फ्यूज अजून तसाच टाकतात. गेल्याच आठवड्यात दगडूकाकांचा मुलगा चढला होता. वेळापत्रक बघून.

आज ती बातमी आल्यावर मी आप्पांना फोन केला. विनूचं काम झालं म्हणून सांगितलं. आप्पा म्हणाले, 'सावलीतल्याला लाईट पोचली मंजे?'

'पोचली आप्पा.'

'पेपरात येनार का?'

'उद्याच्या.'

'मंग तू ये उद्या. मला वाचून दाखव. माजा काय भरवसा न्हाई वाचन्याचा.'

सव्वासहा झालेत. पान समोर आहे. तुझी बातमी वर लावली आहे. तुझं नाव मी त्यात घातलंय आणि 'शास्त्रज्ञ' लिहिलेलं नाही. 'झोत नेमका धरण्याच्या कामाचा पाया परभणी जिल्ह्यातले इंजिनिअर विनायक यांनी घालून ठेवला होता', असं लिहिलंय. फोटो एक कॉलमी. रागावू नकोस. नाही, तू खूषच होशील.

खाली डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या बारा ओळी आहेत. दुरुस्ती. त्या शुक्रवारी पत्रक वेळेत आलं होतं, जागेअभावी मी ते काढलं, शनिवारच्या अंकात बदल छापला गेला नाही. दारावरचं जुनं वेळापत्रक वाचणाऱ्याने ते बरोबर वाचलं होतं. खाली माझं नाव. संपादकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, 'हे छापलंत तर या टेबलावर राहता येईल की नाही, सांगता येत नाही.' मी म्हटलं, 'जागा आहे ना पानात?' त्यांनी पानाकडे बघितलं आणि म्हणाले, 'आहे.'

तुला शब्द देते, विनू.

उद्या सकाळच्या गाडीने सेलू, तिथून फाटा. आप्पांना ओट्यावर बसवीन, कोनाड्यातला चष्मा पुसून देईन. वरची बातमी मी वाचणार. खालच्या बारा ओळी त्यांनी वाचायच्या, बोट ठेवून, स्वतः. मग ते काय म्हणतील, मला घरात घेतील की नाही, मला माहीत नाही. पण 'जेवून घ्या' म्हणणार नाही.

आणि वेळापत्रक आता रोज छापणार, त्याच कोपऱ्यात. मी या टेबलावर नसले तर जो असेल त्याच्या डोक्यावर बसून छापून घेईन. बदल नसला तरी 'आज बदल नाही' असं छापणार. तुमचा उपग्रह सांगतो तसं, रोज, मी इथं आहे. ज्या दिवशी कोपरा रिकामा दिसेल, त्या दिवशी कुणी वर चढायचं नाही. हे मी गावात उभी राहून सांगणार आहे, दगडूकाकांच्या मुलाला आधी. आणि नवा दांडा बसेपर्यंत दर सोमवारी त्याच्यावर दोन ओळी छापणार, वीज कंपनी कंटाळेपर्यंत.

सरपंचांना कमानीचा मजकूरही उद्याच देते. फाट्यावर नको म्हणणार आहे, डीपीच्या खांबावर पत्र्याची पाटी लावा म्हणणार आहे. तुझ्या भिंतीवरचेच तीन शब्द. नाव घालायची गरज नाही.

साडेसात होत आले. राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण भांडताना मला कुणीतरी समोर लागतं, म्हणून तू असाच समोर रहा.

तुझ्यावर रागावलेली,
अक्का